भट्टीची दृष्ट

“त्याच्या डब्यात लोणी कशाला?” मी विचारलं.

आई परमेश्वरच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवत होती. तोसुद्धा बोटानं खळगा करून, सांडू नये म्हणून. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “दिवसभर आगीपुढं राबतंय लेकरू.”

“मग आण्णांच्या डब्यात घाल.”

“त्यांना डॉक्टरनं बंद केलंय.”

“आणि मला?”

“तुला काय झालंय? तू घरात बसून खातीस की.”

आई हात धुवायला मोरीकडं वळली. तेवढ्यात मी त्या लोण्यावर मीठ भुरभुरलं. चिमूटभर म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर मूठच होती. वर झाकण दाबलं, पिशवीत डबा ठेवला आणि लुना बाहेर काढली. असं मी अधूनमधून करायचे, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

माझं वैर परमेश्वराशी होतं. देवाशी नव्हे, देवाचं आणि माझं बरं चाललं होतं. हा परमेश्वर ज्ञानोबा गव्हाणे, औशाकडचा, आईबाप नसलेला, मामाच्या घरी वाढलेला. आण्णांनी त्याला टायर उतरवायला म्हणून ठेवला आणि बघता बघता तो भट्टीचा कारभारी होऊन बसला. मला ताई म्हणायचा, मान खाली घालून बोलायचा, आणि माझ्या बापाला त्यानं पार खिशात घातलं होतं.

आण्णा म्हणजे माझे वडील, नागनाथ देशमाने. आम्ही जातीचे तेली. आजोबांचा बैलाचा घाणा होता, आण्णांची विजेवरची तेलगिरणी. पुढं दुकानादुकानांत पिशवीतलं तेल लटकायला लागलं आणि बार्शीतल्या गिरण्या एकामागून एक बसल्या. आमचीही बसली. आण्णा वर्षभर ओट्यावर बसून रस्त्याकडं बघायचे. मग कुणीतरी त्यांना सांगितलं की टायर आणि प्लास्टिक बंद भांड्यात, हवा न लागू देता तापवलं की त्याची वाफ होते आणि ती वाफ गार केली की तेल पडतं. आण्णा ताडकन उठले. तेल म्हटल्यावर तेली गप्प बसतोय कशाला.

पहिलं तेल आम्ही दोघांनी काढलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळ्यांना त्याचा विसर पडला असं मला वाटायचं. मी नववीत होते. परसात जुना पत्र्याचा डबा, त्यात सायकलच्या ट्यूबा आणि दुधाच्या पिशव्या, झाकणातून निघालेली वाकडी नळी आणि ती नळी म्हशीच्या डोणीतल्या पाण्यातून गेलेली. खाली लाकडं पेटवली. तेल काही येईना, नुसता धूर. डोणीतलं पाणी कढत झालं होतं. मी म्हटलं, “आण्णा, साठलेलं पाणी कशाला? नळ सोडून ठेवू, वाहतं राहू दे.” आण्णांनी नळ सोडला. थोड्या वेळानं नळीच्या टोकाला एक तांबूस थेंब आला, मग दुसरा. मी खाली जॅमची बाटली धरली होती. आण्णांनी त्यात कापसाची वात बुडवून पेटवली. काळा धूर सोडत ती मस्त जळली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता काहीतरी म्हणतील, पाठीवर हात ठेवतील.

“जा, हात धू,” आण्णा म्हणाले. “आई वरडंल.”

बस, एवढंच. पुढं गावाबाहेर प्लॉट घेऊन पत्र्याची शेड उभी राहिली, आडवं लोखंडी पिंप आलं, माणसं उभी राहून आत चालत जातील एवढं मोठं. त्याच्याखाली आगीचं तोंड, मागं उंच चिमणी, बाजूला पाण्यातून फिरणाऱ्या नळ्या. लोक टायरची भट्टी म्हणायचे. एका खेपेला जेवढा माल भरायचा त्याला आण्णा मात्र घाणा म्हणायचे, आजोबा म्हणायचे तसंच. ट्रकचे टायर, शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या, द्राक्षबागेतला प्लास्टिकचा कागद, सगळं पोटात जायचं आणि काळपट तेल होऊन बाहेर यायचं. ते डांबराच्या प्लँटवाले जळण म्हणून घेऊन जायचे. एवढं सगळं झालं, आणि मला आण्णा म्हणाले, “आता मोठी झालीस. भट्टीवर तुझं काय काम?”

माझ्या जागी परमेश्वर आला.

त्यात आणखी एक होतं. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो तान्हा असतानाच गेला. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे, पण श्रावणातल्या एका दिवशी आई जेवत नसे एवढं मला ठाऊक होतं. आण्णा परमेश्वरला “बाळा, पाणी पी” म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, हा त्या गेलेल्या भावाच्या पाटावर येऊन बसला. मी आहे, चांगली हातीपायी धड आहे, तर मला पाटच नाही.

त्या दिवशी मी डबे घेऊन भट्टीवर गेले तेव्हा पिंपाचं दार बंद करायचं काम चाललं होतं. दसऱ्याच्या आधीचा शेवटचा घाणा होता तो. दाराच्या काठाला वाफ अडवायला दोर बसवून भोवतीचे बोल्ट आवळायचे. एकाच बाजूनं आवळले तर दुसरीकडून वाफ गळते, म्हणून एक इकडचा, एक समोरचा, असं करत जायचं. परमेश्वर पान्याला लोंबकळून जोर लावत होता. आण्णा खुर्चीत बसून कौतुकानं बघत होते.

“परमेश्वरनं आवळलेलं दार,” ते मला म्हणाले, तेही त्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, “सुईएवढा धूर बाहेर यायचा न्हाय. हात हाय पोराचा.”

मी डब्यांची पिशवी खाली ठेवली.

“एक मला आवळू द्या,” मी म्हटलं.

“तुला कशाला? हात काळं हुतील. उद्या कुणी बघायला आलं म्हंजी?”

“हाताला विचारून लग्न करणार आहेत का?”

आण्णा हसले आणि डब्याची पिशवी ओढून घेतली. परमेश्वर हात पुसत आला, त्यानं लोण्याची भाकरी मोडली, एक घास खाल्ला. मी टक लावून बघत होते. त्याचा घास घशात अडकला, डोळ्यांत पाणी आलं. मग तो शांतपणे सगळी भाकरी खाऊन उठला आणि माठातलं पाणी तांब्यावर तांब्या पीत राहिला.

“काय रं, आज एवढी तहान?” आण्णांनी विचारलं.

“उन्ह हाय, मालक.”

माझी चुगली केली असती तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं. चांगुलपणा दाखवून मला आणखी चिडवायची त्याची ही रीत होती, निदान मला तेव्हा तसं वाटलं.

दसऱ्याला आमच्याकडं भट्टीची पूजा व्हायची. नवमीला भट्टी पूर्ण गार, झाडून पुसून साफ. दसऱ्याच्या सकाळी तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग मागच्या घाण्याच्या तेलात भिजवलेला टेंभा पेटवून नवा घाणा पेटवायचा. आजोबा घाण्याच्या लाकडाला जुनं तेल पाजूनच नवं तेल काढायचे, त्यातनंच हे आलं. हा टेंभा आजवर फक्त आण्णांनी धरला होता. आग धरली की आई मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या भट्टीवरून ओवाळायची आणि आगीत टाकायची. भट्टीची दृष्ट काढायची. मिरच्यांचा ठसका कधीच यायचा नाही. आण्णा दरवर्षी तेच म्हणायचे, “बघा, ठसका न्हाय. केवढ्या जणांची नजर असंल भट्टीवर.” आणि दरवर्षी मी सांगायचे, “आण्णा, मागं एवढी चिमणी आहे. ती सगळा ठसका वर ओढून घेते.” ते माझ्याकडं असं बघायचे की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले.

लोखंडाची दृष्ट निघायची. माझी आजवर कधी कुणी काढली नव्हती. माझ्यावर कुणाची नजर पडावी असं आमच्या घरात कुणाला वाटतच नव्हतं.

त्या वर्षी आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी त्यांना आगीपुढं उभं राहायची मनाई केली होती. म्हणजे यंदा टेंभा दुसऱ्या कुणीतरी धरायचा. आणि ज्यानं तो धरला, भट्टी त्याची. असं कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं. कोण धरणार हेही कळत होतं. मी बी.कॉम. होऊन घरात स्थळांसाठी फोटो काढून घेत बसले होते.

नवमीच्या संध्याकाळी आण्णा जेवायला बसले आणि त्यांनी वरणात भात कालवता कालवता सांगितलं, “परमेश्वरचं आन् कालिंदीचं बघावं म्हणतो.”

कालिंदी म्हणजे मी, तरी मला आधी कळलंच नाही. “काय बघायचं?”

“लग्नाचं.”

आईला हे माहीत होतं. ती चुलीकडं तोंड करून पापड भाजत बसली, म्हणजे तिला माहीत होतं.

“तो मला ताई म्हणतो, आण्णा.”

“म्हणंना का. उद्यापासून न्हाय म्हणायचा. पोरगं निर्व्यसनी हाय, कष्टाळू हाय, मागं कुणी न्हाय. घरातच ऱ्हाईल. भट्टी घरातच ऱ्हाईल.”

“म्हणजे भट्टी त्याला द्यायचीय. आणि ती नुसती कशी द्यायची, म्हणून वर मी.”

“तसं न्हाय गं.”

“मग कसं? मला देताय आणि भट्टी हुंड्यात? का भट्टी देताय आणि मला बक्षिसात? एकदा सांगा तरी, दोघींत मोठी कोण?”

“आवाज खाली,” आई म्हणाली.

“का खाली? मी नववीत असताना पाण्याचा नळ कुणी सोडायला सांगितला? त्यानं? बाटली कुणी धरली? त्याला लोणी, त्याला ‘बाळा’, त्याचा हात चांगला, त्याचं दार चांगलं. आणि माझे हात काळे होतील. आण्णा, जन्मात एकदा तरी मला चांगलं म्हणालात का हो तुम्ही? दहावीला पहिली आले तेव्हा तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय? ‘बस, पेढं आणू नका.’”

आण्णांनी भाताचा घास खाली ठेवला. आता बोलतील म्हणून मी थांबले. ते आईकडं बघत होते आणि आई त्यांच्याकडं. मग ते म्हणाले, “उद्या सकाळी भट्टीवर लवकर जायचं हाय,” आणि ताटावरून उठले.

रडले मी, नाही कशाला म्हणू. पण रडण्यापेक्षा जळफळाट जास्त होता. मला परमेश्वरशी लग्न नको होतं हे एक, पण त्याहून नको होतं ते हे, की माझ्या बापाची भट्टी मला त्याच्या हातून मिळणार. माझ्याच घरच्या विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या तांब्यानं प्यायचं.

दसऱ्याच्या सकाळी आईनं पूजेचं ताट तयार केलं. मी म्हटलं, “दे, मी पुढं होते.” ती नको म्हणायच्या आत मी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ आणि मीठमिरच्यांची पुडी पिशवीत घालून लुनाला लात मारली. आण्णा यायच्या आधी मला परमेश्वरला गाठायचं होतं.

तो शेड झाडत होता. अंगावर नवा शर्ट. तो शर्ट बघूनच माझं टाळकं फिरलं; तो आण्णांनीच घेतलेला असणार.

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“काय, ताई?”

“ताई म्हणू नकोस. लग्नाचं. आण्णांना तूच सुचवलंस ना? भट्टी गिळायला?”

त्यानं झाडू भिंतीला टेकवला. “मी न्हाय सुचवलं. मालकांनीच विचारलं.”

“आणि तू हो म्हणालास.”

“मी काय बी म्हणलो न्हाय. मालकाला तोंडावर न्हाय कसं म्हणायचं?”

हे मला अपेक्षित नव्हतं. “न्हाय म्हणायचं होतं? म्हणजे तुला मी नको?”

आता मागं वळून बघते तेव्हा हसू येतं. मला तो नको होता, रात्रभर मी तेच घोकलं होतं; पण मी त्याला नको, हे ऐकून मात्र माझ्या नाकाला मिरची झोंबली.

परमेश्वर पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघत बोलला. “खरं सांगू का, ताई? राग मानू नका. तुमचं नाव ऐकलं की माझं डोकं उठतं.”

“माझं?”

“तुमचंच. सकाळी आलो की कालिंदी, दुपारी कालिंदी. दार आवळलं तर म्हणतात, कालिंदीनं शाळेत असताना बघूनच वळखलं असतं कुठनं गळतंय. पाण्याच्या नळ्या बसवल्या तर म्हणतात, ही अक्कल माझ्या पोरीची, नववीत होती, म्हणली आण्णा, पाणी वाहतं ठेवा. वाहत्या पाण्यापायी समदी भट्टी उभी हाय. डांबरवाले आले, त्यास्नी तीच गोष्ट. टायरवाला आला, त्याला तीच गोष्ट. ती बाटलीची गोष्ट मला झोपेतबी पाठ हाय. मी इतकी वर्षं इथं भाजून निघतोय. मला एकदा म्हणलेत का, परमेश्वर, बरं केलंस?”

मी त्याचा झाडू उचलला आणि परत होता तिथंच टेकवला.

“तुम्हाला वाटतं मी तुमची जागा घेतली,” तो म्हणाला. “आन् मी रोज इथं तुमच्या सावलीत काम करतो. तुम्ही भाकरीत मीठ घालता ते मला कळत नव्हतं व्हय? खात होतो. म्हणत होतो, हिला एकीला तरी माझा राग येतोय, म्हंजी मी कुणीतरी हाय.”

“पण ते माझ्यापाशी तुझं कौतुक करतात,” मी म्हटलं. “हात हाय पोराचा, म्हणतात. सुईएवढा धूर येत नाही, म्हणतात.”

“माझं?”

“तुझंच.”

तो टायरांच्या ढिगावर मटकन बसला. मीही बसले, त्याच्यापासून थोडी लांब. दोघंही त्या थंड पिंपाकडं बघत होतो. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी त्याचा गळा दाबावासा वाटत होता, कारण माझ्या वाट्याचं सगळं कौतुक इतकी वर्षं त्याच्या कानात पडलं होतं. हे सांगायला त्याला आजच सुचलं. आणि त्याच्या वाट्याचं माझ्या कानात पडलेलं, ते तरी मी कधी त्याला दिलं होतं?

बाहेर रिक्षा थांबली. आण्णा आणि आई उतरली. आण्णांच्या डोळ्यांना काळा चष्मा, हातात टेंभा. आम्हाला शेजारी बसलेलं बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांचा काहीतरी वेगळाच समज झाला असणार.

“ठरलं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी आणि परमेश्वर एकदमच म्हणालो.

“का?”

“आण्णा,” मी उठले. “लग्नाचं राहू द्या. तुम्ही ह्याला माझं सांगता, मला ह्याचं सांगता. आम्ही इकडं एकमेकांच्या जिवावर उठलोय. तोंडावर सांगायला काय होतं तुम्हाला? जीभ झडते? आज सांगा. ह्याला ह्याच्या तोंडावर सांगा आणि मला माझ्या. मग टेंभा कुणालाही द्या, मी बोलणार नाही.”

आण्णांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं, तरी काढला. आईनं त्यांच्या दंडाला धरलं.

“एकदा म्हणलो हुतो,” ते म्हणाले.

“कधी?”

“तुझ्या भावाच्या बारशाला. समदा गाव जेवत हुता. त्याला दोन्ही हातावर धरला आन् म्हणलो, बघा, बघा माझा वाघ, असा कुणाच्या घरात हाय का.” त्यांनी हातातला चष्मा मिटला. “पुढच्या सोमवारी गेला त्यो.”

आई त्यांचा दंड धरून नुसती उभी होती. श्रावणातला तो दिवस सोमवारच असायचा, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

“तवाच ठरवलं,” आण्णा म्हणाले. “आपल्या माणसाला तोंडावर चांगलं म्हणायचं न्हाय. दुसऱ्यापाशी म्हणावं. तुमाला कुणाला म्हणायचं न्हाय.”

परमेश्वरनं मान फिरवली. ‘तुमाला’ मध्ये तोही आला होता, आणि ते त्याला बरोबर ऐकू आलं होतं.

मला आण्णांना सांगायचं होतं की असं नसतं, तापानं गेला असेल तो, काहीतरी दुखणं असेल. बी.कॉम. झालेली मुलगी आणखी काय सांगणार? पण त्यांच्याकडं बघून माझं तोंड उघडलं नाही. आयुष्यभर ज्याच्यासाठी मी जळत होते ते त्यांनी मला दिलं नाही, कारण दिलं तर मी जाईन अशी त्यांना भीती होती. त्यांच्या हिशेबानं मी जिवंत आहे ती त्यांच्या गप्प बसण्यामुळं.

आण्णांनी टेंभा माझ्यापुढं धरला. “पेटव.”

मी परमेश्वरकडं बघितलं. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. त्याचं तोंड पडलं असतं तर मला गोडच वाटलं असतं. पण त्यानं खिशातून काडेपेटी काढली, काडी ओढली आणि टेंभ्याला लावली. तेल धरायला वेळ लागला नाही. मी वाकून आगीच्या तोंडातल्या लाकडांत तो टेंभा सारला. धग तोंडावर आली. मागं चिमणी घुमायला लागली.

आईनं पिशवीतून मीठमिरच्यांची पुडी काढली आणि भट्टीकडं निघाली. आण्णांनी तिच्या हातातून पुडी घेतली.

“भट्टीचं ऱ्हाऊ दे यंदा,” ते म्हणाले. “कालिंदे, बस.”

मी टायरावर बसले. पुरुषमाणूस कधी दृष्ट काढत नाही, आणि आण्णांना तर ते जमतही नव्हतं. मूठ वळून त्यांनी ती माझ्यावरून उलटसुलट, कशीही फिरवली. मीठ माझ्या केसांत सांडलं.

“आल्याची, गेल्याची,” ते पुटपुटत होते, “घरच्याची, दारच्याची, सोयऱ्याची, धायऱ्याची, भट्टीवरच्या परमेश्वराची…”

“मालक,” परमेश्वर कळवळून म्हणाला.

“गप. तुझीबी काढायचीय. आन् तुझ्यात हिचं नाव येणार हाय.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मिठाचंसुद्धा माहीत असेल. त्यांनी परमेश्वरला बसवलं, उरलेली मूठ त्याच्यावरून फिरवली, आणि “डब्यात मीठ घालणारीची” असं अगदी स्पष्ट म्हणाले. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. पण एक मी बघून ठेवलं, आधी माझी काढली.

आता आण्णा नाहीत. भट्टी मी चालवते. परमेश्वरनं पुढं उस्मानाबादच्या वाटेवर स्वतःची भट्टी घातली. त्याचं लग्न झालं, मुलं आहेत. माझंही झालं, ते वेगळं. तो दसऱ्याला सोनं द्यायला येतो तेव्हा आम्ही एकमेकांच्या तेलाला नावं ठेवतो, आणि कुणी माझ्यापुढं त्याची स्तुती केली तर मला अजूनही झोंबतं. कुणी त्याच्यापुढं माझी केली तर त्यालाही झोंबतं, हे त्याच्या बायकोनं मला सांगितलंय. आम्ही तोंडावर एकमेकांना अजून चांगलं म्हटलेलं नाही.

त्या दसऱ्याला, दृष्ट काढून झाल्यावर, आण्णांनी दोन्ही मुठी एकत्र करून आगीत टाकल्या. मीठ तडतडलं. मिरच्या लाल निखाऱ्यांवर वळल्या, काळ्या पडल्या. आम्ही चौघंही नाक पुढं करून उभे होतो. काहीच आलं नाही. शिंक नाही, खोकला नाही, मिरच्यांचा वासदेखील नाही.

“बघ,” आण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. “बघ कालिंदे, ठसका न्हाय. केवढी नजर लागली हुती माझ्या पोरीला.”

मागं चिमणी घुमत होती, सगळा धूर वर ओढून नेत होती. मी काही बोलले नाही.